पूर्णमूल्ये यांचा भागाकार

तो तुमच्या ऑफिसात आहे, नसेल तर सोसायटीत आहे, आणि दोन्हीकडे नसेल तर तुमचा धाकटा आतेभाऊ आहे. आपण त्याला पूर्णमूल्ये म्हणू. पूर्णपात्रे आडनाव असू शकतं, तर हेही चालावं. आणि ज्याने आजवर एकही व्हिडिओ गेम सवलतीत घेतलेला नाही, त्याला दुसरं आडनाव शोभणारही नाही. नवा गेम येतो त्या रात्री बाराच्या ठोक्याला पूर्णमूल्ये ४,९९९ रुपये मोजतो आणि सोमवारी डबा उघडता उघडता पश्चात्तापाला बसतो. या पश्चात्तापात हळहळ कमी आणि अंकगणित जास्त. किमतीला तो खेळलेल्या तासांनी भागतो. ‘अकरा तास झाले. म्हणजे तासाला चारशे चोपन्न पडले,’ असं तो भेंडीच्या भाजीकडे बघत सांगतो आणि वर ‘पंचेचाळीस पैसे’ अशी पुस्ती जोडतो. पुढे हा भागाकार गेमपुरता राहत नाही. मल्टिप्लेक्सचं तिकीट तो तासाने भागतो, त्यातही मध्यंतर आणि जाहिराती वजा करून. बहिणीच्या लग्नात शिवलेली शेरवानी साडेतीन तास अंगावर होती, सबब तासाला चार हजार. आई म्हणते, ‘अरे, जेवताना तरी गप्प बस रे’. तो मनातल्या मनात थाळीला पंचवीस मिनिटांनी भागत असतो.

बघणाऱ्याला वाटतं, याला पैसे गेल्याचं दुःख आहे. तो स्वतःही तेच समजतो, आणि भागाकार हा त्या दुःखाचा पुरावा म्हणून मांडतो. माझं म्हणणं असं की हा भागाकार साफ खोटा आहे. आकडे बरोबर असतात, पण त्याला जे खुपतं ते त्या आकड्यांत नसतंच. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो पाच’ हा गेम २०१३ मध्ये आला, संगणकावर २०१५ मध्ये. मे २०२० मध्ये एपिक कंपनीच्या ऑनलाइन दुकानाने तो आठवडाभर चक्क फुकट वाटला. घेणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की दुकानच कोसळलं. त्या दिवशी ज्यांनी कपाळावर हात मारला त्यांत पूर्ण किंमत देऊन वर्षानुवर्षं तो गेम खेळलेले लोक होते. समजा, अडीच हजार रुपये आणि चारशे तास: तासाला सव्वासहा रुपये. एवढ्यात हल्ली कटिंगही मिळत नाही. भागाकार खरा असता तर पूर्णमूल्येने पेढे वाटायला हवे होते. त्याऐवजी तो आठवडाभर गालफुगा. आता उलट बाजू बघा. निन्टेन्डो ही जपानी कंपनी आपल्या नावाजलेल्या गेमांचे भाव सहसा उतरवत नाही. काही वर्षांनीही किंमत जवळपास तिथेच. त्या गेमांबद्दल पूर्णमूल्येची जात फारशी कुरकुरत नाही, चार तास खेळून कपाटात ठेवला तरी. म्हणजे दुखतं ते किती दिले यापेक्षा शेजाऱ्याने किती कमी दिले याने. पैठणी घेऊन झाल्यावर पुढच्या दुकानात भाव विचारू नये, असं आपल्याकडच्या बायका एकमेकींना बजावतात आणि तरी विचारतातच, हे त्याच दुखण्याचं जुनं रूप. फरक इतकाच की पैठणीचं दुकान मागून चालत येत नाही. गेमचं दुकान त्याच्याच टीव्हीत बसलेलं असतं आणि दर सणाला खोडलेली जुनी किंमत नव्या किमतीशेजारी लावून दाखवतं.

भागाकार खोटा असूनही तो माणसाकडून काम मात्र खरं करून घेतो, ही यातली गमतीची आणि थोडी भयंकर गोष्ट. एकदा ‘तासाला किती’ हा प्रश्न डोक्यात बसला की तासाचा भाव उतरवायचा एकच मार्ग उरतो: आणखी खेळणं. गेम रटाळ आहे, गोष्ट कुठे चाललीय कळत नाही, तरी पूर्णमूल्ये रात्री दीडपर्यंत डोंगरातली औषधी पानं गोळा करत बसतो, कारण आज तीनशेच्या खाली आणायचंय. याला अर्थशास्त्रात बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण किमतीला, म्हणजे १५ डॉलरना, आणि काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखी सवलतीत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण पहिल्या सहामाहीत पूर्ण किंमत दिलेल्यांनी जास्त नाटकांना हजेरी लावली. दुसऱ्या सहामाहीत हा फरक मावळला. पूर्णमूल्येचंही असंच होतं: साधारण पाचव्या आठवड्याला औषधी पानांवरून त्याचं मन उडतं आणि भागाकार आहे त्या आकड्यावर थिजतो. ‘पैसे दिलेत ना, मग ताटात टाकू नकोस’ हे आपल्या घराघरांतलं सूत्र. पोट भरल्यावर ते पाळणाऱ्याला रात्री काय होतं, तेही घराघरांत ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल, परत का करत नाही? स्टीम या संगणकावरच्या गेमांच्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानाने २०१५ पासून सोय दिलीय: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. सोय चांगलीच आहे. पण पूर्णमूल्येचे पहिले दोन तास आपल्या नायकाचं नाक, जबडा आणि भुवया ठरवण्यात जातात. खेळ सुरू होतो तेव्हा मुदत संपलेली असते आणि नाक तर आता इतकं छान जमलंय. दुसरा कुणी म्हणेल, सेलपर्यंत थांबत का नाही? हा प्रश्न विचारणारा गृहस्थही आपल्या ओळखीचा आहे. त्याला सवलतवार म्हणू. सवलतवार कधीच पूर्ण किंमत देत नाही. तो सेलमध्ये एकावर एक तीनशे गेम घेऊन ठेवतो आणि पूर्णमूल्येकडे करुणेने बघतो. त्या तीनशेंपैकी किती उघडलेत, हे एकदा त्याला विचारा. पूर्णमूल्येचा भागाकार निदान मांडता तरी येतो. सवलतवारच्या बहुतेक गेमांचे तास शून्य आहेत, आणि शून्याने भागायचं नसतं हे सातवीत शिकवलेलं असतं. शिवाय थांबणाऱ्याला मिळतो तो गेम तोच असला तरी तो आठवडा तोच नसतो. शेवटी कोण मरतं हे कुणीच फोडलेलं नाही, सगळे एकाच अवघड राक्षसापाशी अडकलेत, रात्री एक वाजता मित्राचा ‘तू पूल ओलांडलास का?’ असा मेसेज येतोय, हे सारं पहिल्या आठवड्यातच मिळतं. आणि थांबणं प्रत्येक वेळी साधतंच असं नाही. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. नव्याचे नऊ दिवस असतात. याचे जेमतेम चौदा भरले. घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले, म्हणजे तासाला शून्य रुपये. असा भागाकार हाती आला की पूर्णमूल्ये गोंधळून जातो. रडायचं कशाला ते त्याला कळेना.

खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती पूर्णमूल्येने करायला हवी, पण भागाकाराच्या नादात तो करत नाही. देवगड हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात येते तेव्हा ती कोण घेतं आणि केवढ्याला, हे आपण पेपरात वाचतो आणि हसतो. मे महिन्यात भाव उतरणार हे पोरालाही ठाऊक असतं. पण पहिल्या पेटीवाल्याला निदान पिकलेला आंबा मिळतो. गेमच्या बाजारात हल्ली पहिली पेटी कैरीची निघते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने ‘सायबरपंक २०७७’ ची घोषणा २०१२ मध्ये केली. २०२० मध्ये एप्रिल, सप्टेंबर, नोव्हेंबर असे वायदे करत शेवटी १० डिसेंबरला तो आणला, तेव्हा ८० लाख लोकांनी आगाऊ नोंदणी करून ठेवली होती. जुन्या प्लेस्टेशनवर आणि जुन्या एक्सबॉक्सवर त्याची अवस्था अशी होती की आठवडाभरात सोनीने तो स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. परत ठेवला तो जून २०२१ मध्ये. गेम खऱ्या अर्थाने सुधारला तो सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटने. म्हणजे हापूसच्या भावाने कैरी दिली, आढी तुमच्याच घरात घालायला लावली आणि पावणेतीन वर्षांनी आंबा पिकला, तोवर बाजारात त्याचा भाव निम्म्यावर. ‘विचर तीन’ चांगला पिकून आला होता, तरी २०१५ मध्ये पूर्ण किंमत देणाऱ्याला नुसता गेम मिळाला, आणि २०१६ मध्ये दोन्ही मोठ्या पुरवण्यांसकट त्याची एकत्र आवृत्ती निघाली. दरम्यान ‘पूर्ण किंमत’ हा शब्दही वरवर सरकतोय. अमेरिकेत मोठ्या गेमचे साठ डॉलर २०२० पासून सत्तर होऊ लागले, २०२५ मध्ये निन्टेन्डोने नव्या ‘मारिओ कार्ट’ला ऐंशी लावले. २०२३ च्या ‘स्टारफिल्ड’मध्ये तर वर आणखी पैसे देणाऱ्यांना पाच दिवस आधी प्रवेश होता. पूर्ण किमतीच्याही डोक्यावर एक किंमत बसवण्याची ही युक्ती फार हुशारीची, कारण नुसती पूर्ण किंमत देणाऱ्या पूर्णमूल्येला आता आपण काटकसरी आहोत असं वाटू लागतं.

हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत, असाही एक आक्षेप येईल. पाच हजारांत एखाद्या घराचा महिन्याचा किराणा भरतो, हे खरं. पण श्रीमंत भागाकार करत नाही. पूर्णमूल्ये करतो, कारण त्याच्या लहानपणी या खेळांना भागाकार लागतच नव्हता. टीव्हीला जोडायचा स्वस्तातला डबा, त्यात पिवळी कॅसेट, कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं धडधडीत खोटं छापलेलं. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांत वेगळे गेम दहा-पंधरा, बाकी तेच नाव बदलून. तेव्हा पूर्णमूल्येने आणि शेजारच्या पोराने ‘काँट्रा’ सुट्टीभर खेळला, चित्र हललं की कॅसेट काढून फुंकर मारून पुन्हा बसवली, आणि तासाला किती पडले हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. छेद इतका मोठा होता की अंश कितीही टाका, उत्तर शून्याच्याच आसपास. आज अंश वाढलाय असं तो म्हणतो. ते खरंच आहे, पण त्याबरोबर पगारही वाढलाय. आटलाय तो छेद. ऑफिस, लोकल, ईएमआय, पोरीचा अभ्यास यांतून रात्री अकरा ते बारा एवढाच उरतो. शंभर तासांचा गेम घेताना पूर्णमूल्ये ते शंभर तासही घेतल्यासारखे मोजतो, आणि दुकानदार फक्त गेमच देतो.

म्हणून, आवडत नसलं तरी, त्याच्याबद्दल दोन बरे शब्द लिहिणं भाग आहे. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ पोकळ निघाला म्हणून ज्यांनी शिव्या घातल्या त्यांच्याच पैशावर तो गेम पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत राहिला आणि नावारूपाला आला. ‘सायबरपंक’च्या पहिल्या दहा दिवसांत, परत केलेल्या प्रती वजा जाता, १ कोटी ३० लाखांहून जास्त प्रती खपल्या, दुरुस्ती करायला कंपनी टिकली ती त्या जिवावर. सवलतवार आज निम्म्या किमतीत जो रसाळ आंबा चाखतोय तो पूर्णमूल्येच्या पेंढ्यात पिकलेला आहे, आणि त्याबद्दल पूर्णमूल्येला कुणी आभाराची चिठ्ठी पाठवलेली नाही. त्यानेही ती मागितलेली नाही. तो पुढच्या गेमची आगाऊ नोंदणी करून मोकळा झालाय. गेम आला आहे, पोरगी झोपली आहे, घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झालीत, आणि पडद्यावर चाळीस जीबीचं अपडेट उतरतंय. अकरा टक्के. बारा टक्के. हातात रिमोट धरून पूर्णमूल्ये बसलाय, आणि हा वेळ तासांत धरायचा की नाही, हे काही त्याचं ठरत नाहीये.