गुरुजीची वही

“वैनी, कुरडया घालून झाल्या काय? जरा इकडं कुंपनापाशी ये ना. मांगच्या गल्लीतले गुरुजी अकोट सोडून राह्यले, आयकलं काय?”

“माय व! दिवायीतच त घराले रंग देला त्याईनं.”

“थो रंग गिऱ्हाइकासाठी होता, हे आता समजून राह्यलं. रिटायर झाल्यापासून येक वही केली. अकोला, अमरावती, नाई त पोराजवळ पुनं. पानी, रेल्वे, दवाखाना, ऊन, घरभाडं. मास्तर मानूस, गावालेही मार्क देते.”

“मंग पयला नंबर कोनाचा, काकू?”

“आंधी अकोल्याचा. मिटरगेज २०१७ त बंद पडली, तवापासून यष्टीत हाडं खिळखिळी झाली आपली. २०२२ च्या नोव्हेंबरात मोठ्या रुळाची गाडी लागली. अकोल्यात उतरलं की मुंबई-हावड्याची मेन लाइन. वरून सरकारी मेडिकल कॉलेज, अन् रामदासपेठेत पाह्यलं त डॉक्टरच डॉक्टर.”

“मंग अकोटातच राहा अन् गाडीनं दवाखान्यात जा! गाव सोडाचं काय काम?”

“म्याबी हेच म्हनलं. त म्हनतेत, रात्री छातीत दुखलं त गाडी थांबून राह्यते काय?”

“हे बाकी खरं हाय. पन अकोल्याचं ऊन?”

“तिथंच मार्क कापले. २०२४ च्या मे म्हैन्यात जमावबंदी लावली होती, आठवते? दंग्यापायी नाई व, उनापायी! अन् पानी. आपन इथं वान धरनाचं गोड पानी पेतो म्हून किंमत नाई. पूर्णेकाठच्या खारपानपट्ट्यात बोअर मारला की खारंच लागते. तिथल्या बायाईले इचार, दाळ शिजत नाई. अकोला शहराले काटेपूर्णेचं येते, पन पाऊस कमी झाला की नळ किती दिवसाआड येईन, हे धरनालेच इचारा. अमरावतीले अप्पर वर्धा. पान्यात अमरावती पुढं.”

“पन मेन लाइन त बडनेऱ्याहून जाते ना?”

“हाव. त्याचे दोन मार्क गेले. मुंबईची येक्सप्रेस अमरावतीहूनच सुटते, म्हून येक वापस देला. अन् बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ले मुंबईचं इमान सुरू झालं, त्याचे पाच.”

“इमानात कोन बसनार?”

“कोनी नाई. पोरगा पुन्यात, इमान मुंबईले! पन वहीत मार्क चढले त चढले.”

“अन् पुनं?”

“पुन्याचं नावच नोको काढू. पोराचा फ्लॅट दहाव्या माळ्यावर. मांगच्या उन्हाळ्यात गुरुजीच्या बाईनं बाल्कनीत पापड वाळू घातले, त सोसायटीचा वाचमन वर आला. म्हने, मॅडम, इथं अलाउड नाई. बाईनं त्याच्याच हातावर चार पापड ठेवले अन् दार लावलं. पन मन उडालं त उडालंच. सून चांगली हाय हं, उगीच खोटं काहून बोलू. पन सकायपासून रात्रीपर्यंत घरात मानूस नाई. बोलाव कोनासंग, लिफ्टसंग?”

“मंग ठरलं काय?”

“जरा हळू बोल. बाईची धाकटी बहीन अमरावतीले गाडगेनगरात राह्यते. गेल्या म्हैन्यात अंबादेवीले जातो म्हून बाई अंजनगावावरच्या यष्टीत बसली. दर्शन घेतलं, मंग बहिनीसंग जाऊन घर पाह्यलं अन् बयाना देऊन आली.”

“अगं माय! अन् गुरुजी?”

“त्याईले कुठं मालूम हाय! काल संध्याकायी मले वही दाखवत होते. म्हने, कमलबाई, अमरावती तीन मार्कानं पुढं निंगून राह्यली, बरं का. मार्क देतानी बाई बाजूले गहू निवडत बसते ना. ‘शेजार’ नावाचा रकाना बी तिनंच सुचवला.”

“अन् इथलं घर कोनाले देतीन?”

“म्हून त तुले बलावलं. तुह्या दिराले पायजे होतं ना? गुरुजी भाव सांगतीन, थो आयकू नोको. बाईले इचार.”