दादांचं बोट

पोलादपुरात निवडणूक जवळ आली हे कळायला आचारसंहिता लागत नाही. फेसबुकवर बोटं दिसू लागतात. दादा कडक इस्त्रीत खड्ड्याच्या काठावर उभे, उजव्या हाताचं बोट खड्ड्याकडे. मागची सगळी मंडळी त्या बोटाकडे बघतायत, खड्ड्याकडे कुणीच नाही. खाली मजकूर : ‘पाहणी करताना.’

बोट मोठं कष्टाळू. आंबेनळी घाटात दरड आली की दगड जेसीबी उचलतो, दमतं बोट. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून रखडलंय. तेवढ्या वर्षांत त्याच्याकडे दाखवलेल्या बोटांनी नुसतं उकरलं असतं तरी कशेडीचा बोगदा झाला त्याच्या कितीतरी आधी आरपार झाला असता. उमरठला नरवीर तानाजींच्या समाधीपाशी लोक हात जोडतात. दादा तिथेही बोट दाखवतात. समाधी कुठे आहे हे उमरठकरांना बहुधा ठाऊक नसावं!

बोटाला जनतेचं उत्तर अंगठ्याने. ‘वाघ’, ‘फिक्स’, ‘विषय हार्ड’. यातले निम्मे अंगठे नालासोपारा-विरारचे. मतदानाला यायचं तर गाडी पाठवा म्हणणारे. मध्येच एखादा भाबडा विचारतो, ‘दादा, आमच्या वाडीत पाणी कधी?’ तो संध्याकाळपर्यंत ब्लॉक.

पाण्याचं तर बोलूच नये, पण बोलतो. तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दाराशी सावित्री, आणि एप्रिल-मे आला की वाड्यांवर टँकर. बाया उन्हात हंडे घेऊन उभ्या, पण नळी सोडायची नाही, कारण फोटो राहिलाय. बोट टँकरवर ठेवून दादा हसतात. ‘ओ काकू, हंडा खाली घ्या, दादांचा चेहरा झाकतोय.’ अरे, काही लाज? आणि हे टँकरपुरतंच नाही. 22 जुलै 2021 ला केवनाळ्यात आणि साखर-सुतारवाडीत डोंगर घरांवर आला, माणसं गाडली गेली. त्याचीही आता श्रद्धांजलीची पोस्ट पडते. तिच्यात गेलेल्यांची नावं मुंगीएवढी आणि हात जोडलेले दादा पाऊण चौकटीत. डोंगरउताराच्या वाड्यांचं पुढे काय करणार, यावर एक ओळ नाही. तिथे नेमकं बोट वळत नाही.

तेव्हा वाडीतल्या बायांनो, यंदा टँकरपाशी ते बोट पुढे आलं की भरला हंडा दादांच्या डोक्यावर द्या आणि घरापर्यंत चढण चढवा. व्हिडिओ मी काढतो.