मौजे काचेचा टँक येथील अतिक्रमणदारास अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान हिरवे केसाळ शेवाळ,
खडकाची उजवी कड, तीन फुटी समुद्री टँक, दिवाणखाना, परभणी.

विषय : खडक, काच व पंपाचे तोंड येथील अतिक्रमण तात्काळ हटवणेबाबत.

महोदय,

'जगात जर्मनी, देशात परभणी' असं आम्ही उगीच म्हणत नाही. जिवंत खडक, भक्कम उजेड आणि पाण्यातली घाण फेसावर चढवून बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर, या तिघांच्या जोरावर घरात समुद्र सांभाळायच्या रीतीला जगभर 'बर्लिन पद्धत' म्हणतात. जर्मनीने आपलं काम केलं. पुढचं परभणीने अंगावर घेतलं. मुंबईचा समुद्र पाचशे किलोमीटर लांब, मे महिन्यात बाहेर ४३ अंश, आणि आमच्या दिवाणखान्यात २५ अंशांचा समुद्र! लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ आम्ही काट्यावर तोलून टाकलं. इतक्या सायासाने वसवलेल्या या गावठाणात खडकाचा सातबारा स्वतःच्या नावावर कोणी करून घेतला? तुम्ही.

तुमच्या आधी तुमची तपकिरी भावकी, म्हणजे डायटम, येऊन गेली. तिला कवच घडवायला सिलिका लागते, आणि आमचा जिल्हा बसलाय काळ्या बेसाल्टवर. बोअरच्या पाण्यातून ती विरघळून येते, सोबत नायट्रेटही येतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला चालतं. प्रवाळांच्या समुद्रात त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नसतो. म्हणून आम्ही आरओ बसवला, त्यापुढे उरलेसुरले क्षार धरणारी डीआय रेझिनची नळी जोडली. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं त्या दिवशी पेढे वाटले आणि मीटर कपाटात ठेवून दिला. मीटर कपाटात असताना रेझिन परस्पर संपलं, तर त्याला आम्ही कसे जबाबदार? परभणीच्या उन्हाळ्यात टँकमधलं पाणी भराभरा उडतं, पण त्यात विरघळलेलं उडत नाही. आम्ही रोज वरून नवं पाणी ओतायचो आणि आधीचं सगळं पाण्यात तसंच साचत जायचं. तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही कळवलं नाहीत.

आता खाण्याचं. खरिपाच्या तोंडावर डीएपीच्या एका गोणीसाठी आमचा शेतकरी कृषी केंद्रासमोर रांग लावतो, कारण त्यात ४६ टक्के स्फुरद असतं. तुम्हाला तेच स्फुरद माशांच्या दाण्यातून घरपोच, तेही बिनरांगेचं. आम्ही माशांना दिवसातून दोनदाच घालतो, सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी आई, शाळेतून आल्यावर पोरं, आणि टँक बघायला येणारे शेजारीपाजारी जे चिमूटचिमूट टाकतात, ते धरायची आमच्यात पद्धत नाही. खडकामागे पडून राहिलेला दाणा कुजला, त्याचं तुम्ही हिरवं पीक घेतलं. उत्पन्न तुमचं आणि बदनामी आमची, हा कुठला न्याय?

त्याहून गंभीर आरोप पुरावा नष्ट केल्याचा आहे. टेस्ट किटने आम्ही फॉस्फेट मोजलं, तर शून्य! खडकावर बोटभर लांब कुरण आणि किटमध्ये ठणठणाट. चौकशीअंती कळलं की फॉस्फेट पाण्यात उरतच नाही, येताक्षणी तुमच्या अंगात जातं. किट पाण्याची जबानी घेतं, तुमची घेत नाही. आम्ही मात्र तो शून्य अंक मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. आमच्या निर्दोषपणाचा दुसरा दाखला सध्या उपलब्ध नाही.

याआधी केलेल्या कारवाईचा तपशील असा. पहिल्यांदा टूथब्रशने घासलं. पंप चालू ठेवूनच घासल्यामुळे तुमचे तुकडे प्रवाहाबरोबर टँकभर फिरले आणि जिथे टेकले तिथे रुजले. मग तीन दिवस टँकवर काळी चादर टाकली. तुम्ही मेलात, कुजलात, आणि आजवर खाल्लेलं सगळं पाण्यात परत सोडून गेलात. चादर निघाल्यावर तुमच्या वारसांनी त्यावरच संसार थाटला. पुढे फॉस्फेट शोषणारी लोहाची भुकटी आणली आणि लवकर गुण यावा म्हणून दुप्पट घातली. या वेळी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खरोखरच शून्यावर आले, तुम्ही पिवळे पडलात, आम्ही जिंकलो. मागोमाग डायनोफ्लॅजेलेट आले. शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यांत अडकलेले बुडबुडे, आणि त्यांच्यातल्या काही जाती इतक्या विषारी की चरायला सोडलेल्या गोगलगायी उताण्या पडल्या. बाकीच्यांची उपासमार झाली की ही मंडळी माजतात. शून्य हा आकडा किटमध्ये शोभतो, टँकमध्ये तो महागात पडतो, असं तुमचे वकील म्हणतील. आम्हाला ते मान्य नाही.

तुमचा चुलतभाऊ ब्रायोप्सिस, तो फर्नच्या पानासारखा, त्याच्यावर नायट्याला देतात ती फ्लुकोनाझोल चालते, असं जगभरचे टँकवाले सांगतात. लिटरला ५ मिलिग्रॅम धरले तर आमच्या २०० लिटरला १५० मिलिग्रॅमच्या सात गोळ्या. मेडिकलवाल्याने आधी चिठ्ठी मागितली, नंतर घरात माणसं किती ते विचारलं. चुलतभाऊ गेला. त्याच्या मोकळ्या जागेवर कोण आलं, ते तुम्हाला सांगायला नको.

कायदा आपल्या बाजूने आहे असा तुमचा समज असेल, तर तो काढून टाका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं आहेत, थेट वाघाच्या शेजारी. म्हणून आमच्या रीफ टँकमध्ये एकही प्रवाळ नाही. खडक सिरॅमिकचा, क्लाउनफिश हॅचरीत वाढलेले. मग याला रीफ कशाला म्हणायचं, असले खवचट प्रश्न तुम्ही विचारू नयेत. वाघाइतकं संरक्षण मिळूनही समुद्र जरा तापला की प्रवाळ पांढरं पडतं, कारण त्याच्या अंगात राहून त्याला साखर पुरवणारं सूक्ष्म शैवालच बाहेर पडतं. तिथेही तुमचीच भावकी! आणि कुठल्याच अनुसूचीत नाव नसताना तुमच्या केसालाही धक्का लागत नाही.

तुमचा पूर्वेतिहासही आम्ही काढला आहे. जमैकात माणसांनी शेवाळ खाणारे मासे आधीच मारून संपवले होते. चरण्याचं काम उरलं होतं लांब काट्यांच्या सी अर्चिनवर, आणि १९८३ च्या साथीत तेही गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खडकांवर निम्म्याहून जास्त प्रवाळ होतं, नव्वदच्या सुरुवातीला पाच टक्केसुद्धा उरलं नाही. तुम्ही ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलात. दुसरं प्रकरण जर्मनीचंच. स्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयातल्या टँकचं कॉलर्पा नावाचं हिरवं शैवाल मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात गेलं, आणि १९८४ मध्ये त्याच संग्रहालयाच्या खिडक्यांखाली समुद्रात दिसलं, जेमतेम चौरस मीटरभर. पुढे भूमध्य समुद्रात त्याने हजारो हेक्टर व्यापले. दोन्ही फाइलींत चरणारे मासे कोणी मारले आणि टँकचं पाणी कोणी सोडलं, याचीही नोंद आहे. ती पानं आम्ही सोयीसाठी दुमडून ठेवली आहेत.

सबब, हकालपट्टी जमत नसल्याने आम्ही तुम्हाला नोकरी देऊ करत आहोत. असा प्रयोग अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी यांनी पूर्वीच केलेला आहे. कामाचं ठिकाण टँकखालचा संप, म्हणजे पाणी गाळायची टाकी. तिथे खडबडीत जाळी उभी असेल, तिच्यावरून पाण्याची पातळ धार वाहील, समोर लाल दिवा लागेल. पाळी रात्रीची, कारण वरचा दिवा विझला की सगळे नुसताच श्वास सोडतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो. तो तुम्ही शोषून घ्यायचा. पगार नायट्रेट आणि फॉस्फेटमध्ये, अंगमेहनतीवर. दर रविवारी तुमची वाढलेली जटा आम्ही कापून टँकबाहेर काढू, म्हणजे आत गेलेलं स्फुरद एकदाचं घराबाहेर पडेल. कापलेला भारा तोलायचा असतो म्हणे. त्यावरून आठवडाभरात किती दाणा आत गेला, ते घरातल्या सगळ्यांना कळतं. ही एक अट गाळता आली तर पाहावे.

वरच्या खडकावर मात्र यापुढे फक्त तुमच्या गुलाबी भावकीला, म्हणजे कोरलाइनला, राहता येईल. ती सावकाश पसरते, पाहुण्यांना आवडते आणि फोटोत चांगली दिसते. वशिला म्हणा हवं तर.

सात दिवसांत रुजू न झाल्यास पुन्हा टूथब्रश उगारला जाईल, पंप बंद करून.

आपला,
एक टँकधारक, परभणी

प्रत माहितीस्तव :
१) कपाटातला टीडीएस मीटर. यांनी तात्काळ कामावर हजर व्हावे.
२) उरलेल्या गोगलगायी. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही.
३) आई, पोरं व समस्त शेजारी. काचेजवळ कोणीही गेलं की मासे तोंड उघडतात. ते सकाळीच जेवलेले आहेत.