रिकाम्या तोंडाचा माणूस

कार्यालयात, सोसायटीत आणि सासुरवाडीला माझी ख्याती ‘शांत माणूस’ अशी होती. साहेबांना कुणावर तरी ओरडायचं असलं की ते मला बोलावून घेत, कारण मी उलट बोलत नसे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन-दोन तास रणकंदन चाले, तेव्हा मी हनुवटी किंचित वर करून फक्त ‘हूं’ म्हणायचो. लोकांना त्यात स्थितप्रज्ञ दिसायचा. खरी गोष्ट अशी, की माझ्या खालच्या ओठामागे तंबाखूचा बार असायचा आणि तोंड उघडलं असतं तर समोरच्याच्या शर्टावर नक्षी उमटली असती.

तंबाखू सुटली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांनी आरशात मला ओठाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि पुढं काय काय होऊ शकतं ते इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मी घरी येताना डबी गटारात टाकली. चुन्यासकट. तोपर्यंत सगळं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या गाळण्यावर ओरडलो. गाळण्याला भोकं असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही ते गळतं कसं, असा माझा सवाल होता. बायकोनं गाळणं माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पंख्यावर घसरलो. तो फिरताना आवाज करत होता. मग पेपरवर, त्यात काही नव्हतं म्हणून. मग पेपरवाल्यावर, त्यात काही नसतानाही तो रोज टाकतो म्हणून.

चिडचिड निदान दिसते तरी. उदासीला कारणही सापडेना. बँकेत एक अर्ज भरताना ‘वारसदाराचे नाव’ या रकान्यापाशी माझे डोळे भरून आले. काउंटरवरच्या मुलीनं घाबरून पाण्याचा ग्लास पुढं केला. दुपारी जेवणानंतर डावा तळहात आपोआप उघडायचा आणि उजवा अंगठा त्यावर फिरायला लागायचा. तळहातावर काही नसायचं, पण मळणं चालू. नवीन लागलेल्या कारकुनाला वाटलं मी पैशांची खूण करतोय. त्यानं दबक्या आवाजात ‘किती?’ असं विचारलंही.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं. तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून निकोटिन थेट रक्तात उतरतं, आणि चुना हा अल्कधर्मी असल्यामुळे ते आणखी भराभर उतरतं. म्हणजे आपले आजे-पणजे तळहातावर रसायनशास्त्र मळत होते, पदवी न घेता. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. त्याची सवय झालेला मेंदू मग बोंब मारतो: जीव घाबरा होतो, लक्ष लागत नाही, झोप उडते, भूक वाढते. पुढचा बार लावला की सगळं शांत. आपल्याला वाटतं तंबाखूनं बरं वाटलं. खरं तर हा नाक्यावरचा दादा आहे, आधी स्वतःच दुकानाची काच फोडतो आणि मग संरक्षणाचा हप्ता घेतो. मी इतकी वर्षं हप्ता भरत होतो आणि वर त्याला कृतज्ञतेनं नमस्कारही करत होतो.

‘पहिले काही दिवस वाईट असतात. दोन ते चार आठवड्यांत उतरतं,’ डॉक्टर म्हणाले. बायकोनं घरी येऊन कालनिर्णयवर चार आठवड्यांनंतरच्या तारखेला लाल गोल केला. आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही तिनं कधी असा गोल केलेला नाही.

तंबाखूच्या पुडीवर मदतीचा एक फुकट नंबर छापलेला असतो, 1800-11-2356. ज्या पुडीनं पकडायचं तिच्यावरच सुटायचा नंबर, हा प्रकार फक्त सरकारला सुचू शकतो. मी फोन केला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ टाळा, घोट घोट पाणी प्या, जागेवरून उठा. मी म्हणालो, हे मला न सांगताही कळतं. तो म्हणाला, ‘बरोबर आहे, सर. हीच ती चिडचिड.’ मी फोन ठेवला आणि पाणी प्यायलो. तलफ ओसरली, हे मला त्याच्यापुढं कबूल करायचं नव्हतं.

खरा घोटाळा रविवारी झाला. मेहुणे आले आणि त्यांनी आपल्या बायपासजवळच्या प्लॉटची हकिकत सुरू केली. ही हकिकत मी ‘हूं’च्या आधारावर वर्षानुवर्षं ऐकत आलेलो. या वेळी ओठामागे काहीच नव्हतं. मी म्हणालो, ‘दादा, भाव दुप्पट होणार हे तुम्ही 2009 पासून सांगताय. विकून टाका. तुम्ही मोकळे, आम्हीही मोकळे.’ मेहुण्यांचा पोहे भरलेला चमचा हवेतच राहिला. सोमवारी साहेब म्हणाले, कालचा तक्ता अजून का नाही आला? मी म्हणालो, ‘काल रविवार होता, साहेब. शुक्रवारपर्यंत मागितलेला गुरुवारीच दिलाय.’ साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टेबलावरचं पेपरवेट पहिल्यांदाच बोललंय.

2016-17च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात साधारण चौघांमागे एक प्रौढ धूर न काढता तंबाखू सेवन करतो. तंबाखू, मशेरी, गुटखा सगळं धरून. माझी आजी पहाटे मशेरी लावून बसायची तेव्हा घरात कुणी तिला काही विचारत नसे, आणि ती घरातली सर्वांत समजूतदार बाई मानली जायची. हे सगळे लोक एकाच दिवशी सोडून बोलायला लागले, तर ग्रामपंचायतीच्या सभा कोणत्या थराला जातील, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

तलफ फारच छळू लागली तेव्हा डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगगम दिला, 2 मिलिग्रॅमचा. तो साध्या गमसारखा चघळत बसायचा नाही. चावायचा, चुणचुण सुरू झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की परत चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही, चहाच्या आंबटपणानं निकोटिन नीट शोषलं जात नाही. गाल, हिरडी, दाबून ठेवणं: तीस वर्षांचा अनुभव एकदम कामाला आला. गम तोंडात असेपर्यंत मी पुन्हा शांत. मेहुणे आले, प्लॉट आला, मी ‘हूं’ म्हणालो. घरात दिवाळीसारखं वातावरण झालं. पुढच्या भेटीत बायकोनं डॉक्टरांना विचारलं, ‘हे थोडं वाढवून देता येईल का?’

‘नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘हळूहळू कमी करत बारा आठवड्यांत बंद. आणि काळजी करू नका, 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा आढावा आला होता. सोडलेल्यांची उदासी आणि ताण, न सोडलेल्यांपेक्षा कमी झालेला दिसला.’

‘त्यात त्यांच्या बायकांना विचारलं होतं का?’

डॉक्टरांनी चष्मा पुसला. ते अभ्यास सिगारेट ओढणाऱ्यांचे होते, एवढंच ते म्हणाले.

मला मात्र ते खरं वाटतं. उदासी कधी गेली ते कळलंही नाही. बँकेच्या अर्जावर वारसदार म्हणून बायकोचं नाव कोरड्या डोळ्यांनी लिहून आलो. झोप लागते. चट्टाही फिका पडलाय. गम संपला, कालनिर्णयवरचा लाल गोल केव्हाच मागे पडला, आणि त्यानंतरच्या सोसायटीच्या सभेत मी पार्किंगवर तेरा मिनिटं बोललो. सचिवांनी राजीनामा दिला.

बायको मला घेऊन थेट दवाखान्यात गेली. ‘डॉक्टर, निकोटिन जाऊन इतके दिवस झाले. मग हे अजून असे का बोलतात?’

डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, ओठ उलटून चट्टा पाहिला. ‘निकोटिनचं जे होतं ते सगळं गेलं, वहिनी. आता जे राहिलंय, ते यांचं स्वतःचं आहे.’

बायको थोडा वेळ विचार करत राहिली.

‘त्याच्यावर काही गोळी?’