तटबंदीच्या आत मोटार जोडू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

ज्या गृहस्थास सुखाने कालक्रमणा करावयाची आहे, ज्याच्या घरी पलंगाखाली धान्याच्या डब्यांखेरीज अन्य जिन्नस ठेवण्याची वहिवाट नाही, आणि रविवारी दुपारी ज्याला विनासायास निद्रा येते, त्याने प्रस्तुत लेख वाचण्याचे श्रम घेऊ नयेत. भंगाराच्या दुकानावरून जाताना, उपवर कन्येच्या पित्याने परक्याच्या लग्नघरी एखाद्या तरुणाकडे पाहावे तशा हिशेबी दृष्टीने गंजलेल्या चेसिसकडे ज्याने एकदा तरी पाहिले आहे, त्याच्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. किटमोटारीची व्याख्या सोपी आहे : जी मोटार कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, परंतु जिचे यच्चयावत भाग निरनिराळ्या दुकानांत विकत मिळतात, ती किटमोटार. असे भाग एकत्र करण्यासाठी जी माणसे एकत्र येतात त्यांचे मंडळ होते. मोटारीचे काय होते ते पुढे यथास्थित सांगितले आहे.

हा उद्योग आपल्या मातीला परका आहे, असा आक्षेप घेणाऱ्यास आरंभीच निरुत्तर करावे. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप बांधावयास घेतल्या त्या समुद्रमार्गे आलेल्या सुट्या भागांतून. आणि दूर कशाला, खुद्द आपल्या जिल्ह्यात शेंद्र्याला २००१ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली तीही चेक देशातून आलेल्या सुट्या भागांचीच. म्हणजे थोरांनी सुटे भाग जोडले तर तो कारखाना आणि आपण जोडले तर तो पसारा, एवढाच काय तो भेद. आणि तोही बहुधा घरातील स्त्रीवर्गाने केलेला. अलिबागेकडे चिंकारा नावाची, इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसविलेली दोन आसनी उघडी मोटार अशाच उत्साहातून निर्माण झाली. तिची मूळ प्रेरणा जी लोटस सेव्हन, तिचा इतिहास तर प्रत्येक मंडळाने सभेच्या आरंभी स्तोत्रासारखा म्हणावा अशा योग्यतेचा आहे. ही मोटार विलायतेत कोलिन चॅपमन याने १९५७ साली काढली. तयार मोटारीवर त्या काळी तेथे जबर खरेदीकर असे, सुट्या भागांवर नसे. परंतु सोबत मोटार जोडण्याच्या सूचना दिल्यास सवलत रद्द होई. चॅपमनने सरकारी हुकमाचा यत्किंचितही अनादर न करता मोटार खोलण्याच्या सूचना छापून दिल्या, आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचल्या. आपल्या मंडळांना या पत्रिकेचे उलट वाचन अद्याप साधावयाचे आहे. सुलट वाचनातील, म्हणजे खोलण्यातील, आपले प्रावीण्य मात्र वादातीत आहे.

आता स्थळाविषयी. मंडळ काढावे ते खुलताबादेतच. ज्या गावाच्या मातीत मलिक अंबर विसावला, गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान तानाशहा विसावला, त्याला दौलताबादेच्या किल्ल्यात बंदिवान करून ठेवणारा बादशहाही विसावला, आणि मागाहून हैदराबादच्या गादीचा मूळपुरुषही येऊन विसावला, त्या गावात घाई या विकारास फारसा वाव उरलेला नाही. येथले भद्रा मारुतीचे जागृत दैवतसुद्धा शयनमुद्रेत आहे. त्यामुळे दोन वर्षे विटांवर निजलेले वाहन पाहून येथला मनुष्य ‘केव्हा उठणार?’ असा असभ्य प्रश्न करीत नाही. तो थोडा वेळ उभा राहतो, ‘चांगलं चाललंय’ म्हणतो आणि पुढे जातो. असा शेजार शहरात पैसे मोजून मिळत नाही.

जागा म्हणून जुना वाडा निवडावा. वाड्यात लिंबाचे झाड असावे, कारण त्याच्या जाड फांदीला साखळदंड बांधून इंजिन उचलता येते; आणि वाड्यात एक आजी असाव्यात, कारण त्यांची परवानगी घेण्यात पहिले सहा महिने उत्तम जातात. आजींना ‘फक्त आठ दिवस’ असे सांगावे. आजीही निजामी अमदानीपासून असे आठ दिवस ऐकत आल्या असल्यामुळे विश्वास ठेवीत नाहीत, परंतु परवानगी देतात.

सभासद निवडताना सर्वाधिक सावधगिरी बाळगावी लागते. सभासदत्वाचा निकष द्रव्य नव्हे, विद्वत्ता नव्हे, तर पाना. जो इसम इतरांपाशी नसलेले एखादे हत्यार स्वतःच्या मालकीचे म्हणून हजर करील, त्यासच दाखल करून घ्यावे. बारा-तेराचा पाना आणणारा दुसरा इसम आला तर त्याला गोड बोलून, चहा पाजून, सतरा-एकोणीसचा मिळवून येण्यास सांगावे. या नियमाचे मर्म असे की, प्रत्येकाचे हत्यार एकमेव असल्याने कोणीही रुसला तर काम बंद पडते, म्हणून रुसलेल्यास त्याच दिवशी सायंकाळी घरी जाऊन आणावे लागते. बेअरिंग काढण्याचा पुलर ज्याच्याकडे असतो तो स्वभावाने कितीही तिरसट असला तरी मंडळात त्याचा शब्द खाली पडत नाही. लोकशाहीचे इतके भक्कम अधिष्ठान प्रस्तुत लेखकाने इतरत्र पाहिलेले नाही.

तथापि पाच प्रकारचे सभासद असल्याखेरीज मंडळास रूप येत नाही. पहिला, वाळूजच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा. १९८५ पासून बजाजच्या दुचाक्या-तिचाक्यांनी आणि त्यांना भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या शेडांनी या जिल्ह्यातील जी तरुण मंडळी पहाटेच्या बसमध्ये बसविली, त्यांपैकी हा एक. आठवडाभर एका जागी उभा राहून तो एकाच कंसाला एकच जोड देत असतो. तो कंस पुढे कोणत्या गाडीत, कोठे बसतो हे त्याने कधी पाहिलेले नसते. वाड्यात आल्यावर मात्र तो जोड देऊन झाल्यावरही बराच वेळ तेथेच बसून राहतो आणि हाताने सगळी चौकट चाचपतो. त्याला त्या वेळी हाक मारू नये. दुसरा सभासद उस्ताद. हे वयोवृद्ध असतात, कशालाही हात लावीत नाहीत, केवळ ऐकतात. आणि इंजिन सुरू नसतानाही त्यांना त्यातील दोष ऐकू येतो. तिसरा, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला कारकून, ज्यांना सर्वांनी ‘भाऊसाहेब’ म्हणावे. प्रत्येक नट-बोल्टाची आवक-जावक नोंदविणे, मोटारीस ‘मजकूर वाहन’ म्हणणे, आणि हरवलेल्या वॉशरचा पंचनामा करून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेणे ही त्यांची कामे. चौथा, बॅटरी धरणारा. यास यंत्रातील काहीही कळत नसावे ही अट आहे. बॅटरीचा उजेड तो काम चालू असेल तेथे न पाडता त्याला स्वतःला कुतूहल असेल तेथे पाडतो, आणि अशाच एका भलत्या उजेडात प्रस्तुत लेखकाच्या मंडळास चार महिने हरवलेली क्लचची तार सापडली होती.

पाचवा सभासद चलच्चित्रे काढणारा. त्याच्यावर नजर ठेवावी. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांच्या भागांतून, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी एक छोटी जीप घडविली. तिची कीर्ती आनंद महिंद्रांपर्यंत जाऊन २०२२च्या जानेवारीत त्यांनी तिच्या बदल्यात नवी कोरी बोलेरो दिली, हे वृत्त या सभासदास मुखोद्गत असते. त्या जीपमागे लोहारांची स्वतःची कारागिरी होती, ही गोष्ट त्याच्या लेखी गौण. आपलीही मोटार आज ना उद्या कोणी उद्योगपती मागून नेणार या भरवशावर तो तिला रंग देण्याची घाई करतो, आणि रंग दिला की मोटार पूर्ण झाल्याचा गैरसमज गावात पसरतो.

मंडळ स्थापन झाल्यावर मोटारीचे भाग कोठे ठेवावेत हा प्रश्न येतो. सर्व भाग वाड्यात ठेवणे हा नवख्यांचा प्रमाद होय. ते सभासदांच्या घरोघरी विभागून ठेवावेत. गिअरबॉक्स एकाच्या पलंगाखाली, रेडिएटर दुसऱ्याच्या गोठ्यात, पुढची काच तिसऱ्याच्या माळ्यावर गोधड्यांत गुंडाळून, आणि बैठक चौथ्याच्या ओटीवर, जेथे त्याचे वडील तिच्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात आणि ती परत देण्याचे साफ नाकारतात. या व्यवस्थेमुळे मंडळ मोडणे अशक्य होते. कारण मंडळ मोडावयाचे तर हिशेब करावा लागतो, हिशेब करावयाचा तर जंगम मालमत्ता एके ठिकाणी आणावी लागते, आणि ती एके ठिकाणी आली की तिची मोटार होते. घरच्यांनी तक्रार केल्यास ‘भाग माझा नाही, मंडळाचा आहे’ असे प्रत्येकाने सांगावे. हे उत्तर सात घरांत एकाच दिवशी दिले गेल्यास मात्र सात गृहिणींची भद्रा मारुतीच्या पायऱ्यांवर गाठ पडते, आणि त्यानंतरच्या रविवारी वाड्यात चहा येत नाही.

वर्गणीबाबत एवढेच सांगणे पुरे की ती मागावी.

आता कायद्याचा भाग. तो किचकट असला तरी त्यावाचून मंडळास सायंकाळची चर्चा करण्यास विषय उरत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९व्या कलमानुसार नोंदणीवाचून मोटार सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. नवी मोटार म्हणून नोंदवावी तर १९८९च्या केंद्रीय नियमांतील १२६व्या नियमान्वये तिचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीई यांसारख्या संस्थेकडून तपासून आणावा लागतो, आणि तेवढ्या खर्चात सातही सभासदांना तयार मोटारी घेता येतील. जुन्या जीपच्या दाखल्यावर नवे शरीर चढवावे तर ५२वे कलम आडवे येते : उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. वर साटा बसविलेला नाही, ही नुसती चेसिस आहे, अशी सबब सांगावी तर मोटारीच्या व्याख्येत साटा नसलेली चेसिसही समाविष्ट आहे. कायदा करणाऱ्यांमध्ये पूर्वाश्रमीचा कोणी किटमोटारवाला असला पाहिजे, असा संशय यावा इतका हा बंदोबस्त पक्का आहे.

अशा निराशेच्या क्षणी भाऊसाहेबांसारखा सभासद उपयोगी पडतो. चष्मा पुसून त्यांनी दुसऱ्या कलमाचे अठ्ठाविसावे पोटकलम वाचून दाखवावे. केवळ कारखान्यात अथवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्याकरिता योजलेले खास वाहन हे मोटार या संज्ञेत येत नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. वाड्याचे अंगण हे बंदिस्त आवार होय, याविषयी कोणाचे दुमत नाही. म्हणून प्रथम मोटार लिंबाभोवती फिरवावी. परंतु आठ-दहा प्रदक्षिणांनंतर चालकास भोवळ येते, आजींची तुळस धोक्यात येते, आणि मंडळात अस्वस्थता पसरते. तेव्हा भाऊसाहेबांनी पुढील मुद्दा मांडावा. खुलताबादेस औरंगजेबाने बांधविलेला तट आहे. त्या तटास नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ, कुणबी अळी आणि हमदादी असे दरवाजे व आझमशाही नावाची एक दिंडी आहे. ज्यास तट आहे आणि दरवाजे आहेत ते आवार बंदिस्त नव्हे तर काय? सबब संपूर्ण कसबा हे एकच आवार ठरते.

या सिद्धान्तावर प्रतिवाद होतोच. तट ठिकठिकाणी ढासळला आहे, भगदाडांतून शेळ्या येतात जातात, मग तो बंदिस्त कसा, असे पुलरवाले विचारतात. त्यावर तट आधी दुरुस्त करावा आणि मोटार मागाहून, असा ठराव येतो. त्याची एक नक्कल पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी की नाही यावर दोन पावसाळे निघून जातात. प्रस्तुत लेखक या ठरावाचा अनुमोदक होता, हे तो आज संकोचाने नमूद करतो. (मंडळाचे पाहून कोणी नोंदणीवाचून मोटार खरोखरीच तटाच्या आत फिरवू नये, रस्ता हा रस्ताच असतो आणि हवालदारांनी हे पोटकलम वाचलेले असते.)

शेवटी चाचणी. ती श्रावणातील शनिवारी कदापि ठेवू नये; त्या दिवशी भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी शहरातून रातोरात पायी आलेल्या हजारो भाविकांपैकी निम्मे मोटारीसच नमस्कार करून जातात. एखादा रिकामा रविवार निवडावा, पहाट निवडावी. आमच्या मंडळाने असाच रविवार निवडला होता. मोटारीचे मुख जीपचे होते, इंजिन मात्र वाळूजच्या तीनचाकी रिक्षेचे, आणि म्हणून रिक्षेप्रमाणेच मागे बसविलेले. तिची बैठक वडिलांच्या निद्राकाळात ओटीवरून हस्तगत केली होती. उस्तादांनी कान लावला, ‘मारो’ म्हणाले, आणि वेल्डिंगवाल्याने दोरी ओढताच मोटार खरोखरीच चालू लागली, तेव्हा आम्हा सर्वांचीच इतकी त्रेधा उडाली की ती थांबवावी कशी याचा विचार मंडळाच्या कोणत्याही सभेत झालेला नाही, हे प्रथमच ध्यानात आले. ती उतारावर स्वतःच्या मर्जीने गेली, आणि लंगड्या दरवाज्याच्या कमानीखाली क्लचची तार तुटून उभी राहिली. पुढची चाके तटाबाहेर, मागची तटाच्या आत.

हवालदार आले. त्यांनी मोटारीस एक फेरी घातली.

‘गाडी बाहेर आहे,’ ते म्हणाले.

‘इंजिन आवारात आहे, साहेब,’ भाऊसाहेब विनयाने म्हणाले.

‘बॉनेट उघडा.’

बॉनेट उघडण्यात आले. आत चहाची किटली, आठ पेले, आजींनी दिलेल्या धपाट्यांचा डबा आणि एक फडके होते. हवालदार बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मग त्यांनी चहा घेतला, एक धपाटे घेतले, मागे जाऊन इंजिनापाशी उकिडवे बसले आणि बॅटरीवाल्यास उजेड जरा डावीकडे धरावयास सांगितले. आणि आश्चर्य असे की त्याने तो डावीकडे धरला. त्या उजेडात दिसलेला बोल्ट गोटीपान्याशिवाय निघणार नाही, हे आम्हांस तीन आठवड्यांपासून ठाऊक होते. हवालदार म्हणाले, गोटीपान्याचा पूर्ण संच त्यांच्या घरी आहे, सासऱ्यांनी दिलेला, अजून फोडलेला नाही.

भाऊसाहेबांनी नोंदवही उघडली, कमानीच्या दगडावर टेकविली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिले : आवक, गोटीपाना, संच एक, येणे, सोबत इसम एक, हजर.