मुरू दे!

आमच्या मजल्यावरचे अप्पा घरी साबण करायला शिकले, तेव्हापासून आमच्या कपाटात वड्याच वड्या आहेत आणि न्हाणीघरात एकही नाही. प्रत्येक वडीवर तारीख. त्याआधी हात लावायचा नाही. "मुरू दे रे! चार ते सहा आठवडे." कैरीचं लोणचंसुद्धा याहून लवकर दया करतं.

पहिला घाणा त्यांनी काकूंच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात घातला. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, हे पातेलं फसफसून काळं पडल्यावर कळलं. आता स्टीलचं भांडं, गॉगल, हातमोजे, शिवाय सोनारी काटा. ३५० ग्रॅम ऑलिव्ह, १५० खोबरेल आणि ७१ ग्रॅम कॉस्टिक. पाच टक्के तेल मुद्दाम मोकळं राहू द्यायचं, कातडीला बरं म्हणून. आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही! हे त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, जिन्यात सांगितलं, एका तेराव्याच्या पंगतीत सांगितलं.

हळदीच्या साबणाचं मिश्रण लालभडक झालं, तेव्हा त्यांना शोध लागल्याचा आनंद. "हळदीच्या डागाला साबण लावला की होतंच तसं," काकू आतून म्हणाल्या. काकूंना हे पन्नास वर्षं ठाऊक होतं, पण काकू मुरलेल्या.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी अप्पांनी उटण्याचा साबण आणून दिला. वडीवर तारीख देवदिवाळीची! नरकचतुर्दशीला आम्ही मुकाट्याने मोतीच लावला.

अप्पा बँकेत कर्जविभागात होते, हे सांगायचं राहिलं. तिथेही फायली मुरत. माझ्या मेहुण्याचा अर्ज इतका मुरला की तोवर बिल्डरने भाव वाढवला.

पण परवा एक गंमत झाली. आमच्या मजल्यावर भांड्याला येणाऱ्या मावशींची बोटं थंडीत चिरतात. अप्पांनी त्यांच्यासाठी खोबरेल कमी करून वेगळा घाणा घातला होता. खोबरेलाने फेस येतो, पण कातडी कोरडी पडते, म्हणून. साबण पुरता मुरवून, बिनतारखेची वडी त्यांच्या हातात ठेवली. ही सवलत अख्ख्या सोसायटीत कुणाला मिळालेली नाही.

आठवड्याने मावशींनी निकाल दिला, "हात बरे आहेत अप्पा, पण फेस नाही येत. साबण लावल्यासारखं वाटत नाही."

मला वाटलं, आता कॉस्टिकचं व्याख्यान. पण उभ्या नोकरीत एकाही ग्राहकाची तक्रार कानावर न घेतलेले अप्पा वही काढून लिहीत होते: खोबरेल थोडं वाढवणे, एरंडेल घालून पाहणे. मग चष्मा पुसत, जरा चाचरत त्यांनी विचारलं,

"आणि वास? वास कसला हवा?"

"मोगरा," मावशी म्हणाल्या.

सध्या अप्पा मोगऱ्याच्या तेलासाठी बाजार पालथा घालताहेत. मला अजून कुणी वास विचारलेला नाही.