आक्षेपकाका

पर्वतीच्या पायथ्याशी एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बाराजण महिन्यातून एका रविवारी जमतो. इतिहासाचं जे पुस्तक नुकतंच वाचलं असेल त्यावर दहा मिनिटं बोलायचं आणि मग चहा घ्यायचा, एवढाच कार्यक्रम. मागच्या खेपेला एक निवृत्त मुख्याध्यापिका विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’वर बोलत होत्या. विश्वासरावांना गोळी लागली आणि बाईंचा आवाज भरून आला. दोघांनी रुमाल काढले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून हात वर झाला.

“एक क्वेरी आहे.”

बाईंनी डोळे पुसत मान हलवली.

“दिल्ली सोडताना छावणीत दाणागोटा किती दिवसांचा शिल्लक होता?”

हे आमचे आक्षेपकाका. पस्तीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढली. निवृत्तीनंतर हातात फायली उरल्या नाहीत, म्हणून इतिहास तपासायला घेतला.

इतिहास वाचणाऱ्यांच्या नाना तऱ्हा असतात. कुणी तलवारीसाठी वाचतो, कुणी भांडणासाठी. काहीजण पुस्तक उघडलं की आधी सूचीत स्वतःचं आडनाव शोधतात. सापडलं तर लेखक अभ्यासू, नाही सापडलं तर पूर्वग्रहदूषित. (मीही शोधतो. अजून सापडलेलं नाही.) काका मात्र शेवटच्या पानापासून सुरुवात करतात. परिशिष्टं, मग तळटीपा आणि वेळ उरलाच तर मजकूर. हातात हिरवी पेन्सिल. जुळलेल्या आकड्यावर बरोबरची खूण, न जुळलेल्यापुढे ‘खुलासा व्हावा’. माझी तीन पुस्तकं अशी खुलाशाला लागून परत आली आहेत.

सभासदाची बखर त्यांनी एकदा वाचायला घेतली. जिंजीला राजाराम महाराजांच्या पदरी असताना सभासदाने ती लिहिली. आम्हाला वाटलं, आता अफजलखान येणार, आग्रा येणार. काका बोलले ते शिवाजी महाराजांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या यादीवर. खजिना, कापड, किराणा, घोडे, किल्ले. “साक्षात डेडस्टॉक रजिस्टर!” एवढे हरखलेले काका आम्ही त्याआधी पाहिले नव्हते. अफजलखान त्या दिवशी राहूनच गेला.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची कथा निराळी. घरचं कर्ज फेडायला माणूस वरसईहून दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला, १८५७च्या बंडात सापडला, झाशीत लुटला गेला आणि गंगेची कावड घेऊन घरी परतला. ऐकणारे हळहळले. काकांनी एका वहीत भटजींचं प्रवासभत्त्याचं बिल मांडलं होतं. जमेला दक्षिणा, नावे लूट. कावड कुठल्या बाजूला धरायची यावर मात्र ते अडले. शेवटी ती ‘अमूल्य, म्हणून शून्य’ अशी दाखवली. त्यांचा खरा राग संपादनावर होता. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापलं ते मजकुरात फेरफार करून. दत्तो वामन पोतदारांची मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती आली १९६६ साली. “मूळ व्हाउचर समोर यायला एकोणसाठ वर्षं! आमच्याकडे असतं तर पेन्शन अडली असती.”

पण काकांचा जीव खरा अडकलाय तो पानिपतात. १७६० साली भाऊसाहेबांनी दिल्लीच्या किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून वितळवलं. फौजेला द्यायला पैसा नव्हता, तसलमात कुठून मिळेना. त्या चांदीचे एका पुस्तकात नऊ लाख होतात, ग्रँट डफकडे सतरा. मधल्या आठ लाखांवर काकांनी आमचे तीन रविवार घेतले. एका प्राध्यापकांनी समजूत घातली की साधनं वेगळी, परंपरा वेगळ्या, आकडे असेच असतात. काका म्हणाले, “सर, ज्याच्यावर ठपका येतो तो प्रत्येकजण हेच सांगतो.”

या माणसाला आम्ही सहन का करतो, असं मला पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर मागच्या खेपेच्या चहाच्या वेळी मिळालं. बोलता बोलता पानिपतच्या त्या सांकेतिक निरोपाचा विषय निघाला. सावकाराच्या पत्रातून तो भेलशाजवळ नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडला. अमुक मोती गेली, अमुक मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला ते मोजलेलं नाही, असा त्याचा आशय. लहानपणापासून हे ऐकून आमच्या अंगावर ठरल्या जागी काटा येतो. तसा तो आला.

काकांनी कप खाली ठेवला.

“मोत्यांचा आकडा आहे. मोहरांचा आहे. खुर्द्याचा का नाही?”

“काका, तो सांकेतिक निरोप आहे,” मी म्हणालो.

“ते कळतं मला. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे कोण? बारगीर, मोतद्दार, पाणके, बाजारबुणगे, तीर्थयात्रेला म्हणून बरोबर निघालेल्या बाया. चिल्लर मोजायचा कंटाळा प्रत्येक कॅशियरला असतो हो. मी पस्तीस वर्षं पाहिलाय. पण ‘मोजली नाही’ हा काय शेरा झाला?”

कुणी काही बोललं नाही. मुख्याध्यापिकांचा रुमाल पुन्हा निघाला, आणि या वेळी कादंबरीशी त्याचा संबंध नव्हता. काका मात्र शेजवलकरांच्या ‘पानिपत १७६१’मध्ये नाक खुपसून बसले होते, परिशिष्टापासून.

तेव्हा वाचकहो, तुमच्या वाचनात कुठे त्या खुर्द्याचा आकडा आला, तर कृपया आम्हाला कळवा. मात्र पानाचा क्रमांक आणि आवृत्तीचं साल हवं. त्याशिवाय काका कागद स्वीकारत नाहीत.